हातचा एक

शैलाताई तळवडेकरांना चहा देणं हे जोखमीचं काम होतं. कप हातात आला की त्या आधी त्याचं बूड बघत. रिकामा असला तर उलटा करून, भरलेला असला तर डोक्याच्या वर धरून खालून. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमच्या कारखान्यासमोर एक मलबारी चहावाला होता. तो कागदी कपात चहा द्यायचा. शैलाताई त्या कागदी कपाचंही बूड बघत. चहावाला मला एकदा विचारत होता, "मॅडम को कीडा मिला था क्या कभी?"

"बूड बघितल्याशिवाय मी कोणाच्या हातचं पीत नाही," असं त्या म्हणायच्या. हे विनोदाने म्हणत असतील असा माझा सुरुवातीला समज होता. पण शैलाताईंना विनोद सहसा जमत नसे. त्या बोलायच्या ते सगळं खरं असायचं, आणि म्हणूनच लोक त्यांना जरा टरकून असत.

आमची कंपनी शोभेची मातीची भांडी करायची. मोठाले रांजण, ताटं, फुलदाण्या, भिंतीवर लावायच्या फरशा. गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं आणि व्हिला. मी सेल्सला होतो आणि शैलाताई रंगकामाच्या मुख्य होत्या. मालक होते दामले. मराठी माणूस धंदा करत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दामल्यांना एकदा भेटावं. परदेशात आपला माणूस मालक मिळाला म्हणून मी पहिल्या महिन्यात फार खूश होतो. पुढे कळलं की आपला माणूस असला की पगारवाढ मागायची चोरी होते, एवढाच काय तो फरक. एकीच्या आडनावात तळ आणि दुसऱ्याच्या आडनावात दाम, तेव्हा या दोघांचं पुढे काय होणार हे आडनावांवरूनच ओळखायला हवं होतं.

एकदा एका मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला आला. पांढराशुभ्र शर्ट, टाय, बरोबर सेक्रेटरी. दामले त्याला समजावत होते की आमच्याकडे सगळं कसं हाताने होतं, यंत्राचा स्पर्श नाही. चहा आला. शैलाताईंनी सवयीने कप डोक्यावर धरला, बूड बघितलं, आणि ते नीट दिसेना म्हणून कप जरा कलता केला. चहा खरेदीवाल्याच्या बाहीवर. तो उडी मारून उठला. शैलाताईंनी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. त्या दामल्यांकडे वळून म्हणाल्या, "दामले, कप छापील आहेत. हाताचं काम विकायला बसलाय आणि पाहुण्याला छापील कपातून चहा देताय?"

मराठीत बोलल्या म्हणून वाचलो. खरेदीवाल्याने विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग?" तर दामले म्हणाले, "शी इज सेइंग सॉरी."

शैलाताई मूळच्या गुहागरच्या बाजूच्या. मुंबईच्या कलाशाळेत मातीकाम शिकलेल्या. तिथे त्यांना एक सर होते आणि त्या सरांनी त्यांचं वाटोळं केलं, असं माझं मत आहे. सरांनी सांगितलं होतं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लोक कारखान्यांना विटले आणि त्यांनी हाताच्या कामाची एक चळवळ उभी केली. वस्तू करणाऱ्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हाताने करावी, आसपासची झाडंपानं बघून नक्षी काढावी, आणि भांड्यावर नक्षी काढणाऱ्या बायकांनी बुडाशी आपल्या नावाची अक्षरं घालावीत. हे शैलाताईंच्या मनात जे बसलं ते बसलं. वर्गातल्या बाकीच्या मुली ऐकून विसरल्या, जाहिरात कंपन्यांत गेल्या, सुखी झाल्या. या मात्र ती चळवळ अजून चालू आहे असं समजून जगत होत्या.

त्यातून गंमत अशी की त्या राहायच्या दुबईच्या इंटरनॅशनल सिटीमध्ये. तिथे इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत, आणि शैलाताईंची शेअरिंगमधली खोली इंग्लंड क्लस्टरमध्ये होती. मी, माझी बायको मीना आणि मुलगी ईरा पर्शिया क्लस्टरमध्ये. त्यामुळे रोज सकाळी मी पर्शियाहून निघून इंग्लंडला जायचो, शैलाताईंना गाडीत घ्यायचो आणि आम्ही शारजाला जायचो. "इंग्लंडात राहते म्हणून सांगते गावाला," त्या म्हणायच्या, "भाऊ खूश होतो. बाथरूमला चौघींचा नंबर लागतो ते सांगत नाही."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, हे मीनाने एकदा विचारलं. मला वाटलं आता ही बया काहीतरी जोरात बोलणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बघायला आले होते दोघं-तिघं. मी त्यांनी आणलेल्या पेढ्यांची बशी उलटी केली." ही एकच गोष्ट त्यांनी हसून सांगितलेली मला आठवते.

काम करताना बघण्यासारख्या असत. जुन्या चादरीचा शिवलेला एप्रन, एसीच्या गारठ्यासाठी अंगात भावाचा स्वेटर, चष्मा नाकाच्या टोकाला. कच्च्या भाजलेल्या ताटावर रंग लगेच शोषला जातो, खोडायची सोय नसते. त्यामुळे कुंचला टेकवण्याआधी त्या श्वास रोखून धरत आणि रेघ संपली की सोडत. मग थोडं खोकत. आणि पानं भरता भरता तोंडाने शाळेतली बेरीज पुटपुटत असत, "सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." भट्टीवाला रफीक बांगलादेशचा. त्याला वाटायचं हा काहीतरी मंत्र आहे. भट्टी लावायच्या आधी तोही हळूच म्हणायचा, "हातचा एक," आणि मग बटण दाबायचा.

त्या मंत्राची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

गिऱ्हाइकांना हवे असत उंट आणि ससाणे. शैलाताई उंट काढायला तयार नव्हत्या. "उंटाशी माझी ओळख नाही," म्हणायच्या. मग काय काढणार, तर त्या सुट्टीच्या दिवशी वाळवंटातल्या धैदच्या रस्त्याला फिरून झाडं बघायच्या. एका दसऱ्याच्या सकाळी गाडीत बसल्या त्या हातात एक वाळकी डहाळी घेऊनच. झाडाखाली पडलेली उचलली होती, कारण गाफचं झाड तोडायला इथे बंदी आहे. डहाळी माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाल्या, "अरे, हे लोक गाफ गाफ म्हणतात ते काय आहे माहितीय? ही आपली शमी! पांडवांनी हत्यारं लपवली ती. इथे रस्त्यारस्त्यावर उभी आहे आणि आपण वर्षानुवर्षं शेजारून एसी लावून जातोय!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी गाडी चालू करायचीच विसरलो. ऑफिसात जाऊन त्यांनी सगळ्यांना एकेक वाळकं पान सोनं म्हणून दिलं. दामल्यांनी ते खिशात ठेवलं आणि रफीकने पाकिटात.

त्यातून त्यांची गाफची नक्षी झाली. ताटाच्या काठाने वळसा घेत गेलेली डहाळी, तिला दोन्ही बाजूंनी पानं, निळसर हिरवी. गाफची खरी पानं अगदी बारीक. शैलाताईंनी ती जरा मोठी केली, म्हणून पहिलं ताट भट्टीतून निघालं तेव्हा दामले म्हणाले, "ताई, हा कढीपत्ता कोण घेणार?"

सगळे हसले. शैलाताई नाही हसल्या. पण नाव पडलं ते पडलं. ऑफिसात आम्ही सगळे त्या नक्षीला कढीपत्ताच म्हणायचो. "कढीपत्त्याची चार ताटं पॅक करा," असं.

आणि हा कढीपत्ता धो धो चालला. इथले मूळचे अरब लोक तो बघून थबकायचे. उंट-ससाणे त्यांना सगळेच विकत होते. त्यांच्या घरामागचं झाड ताटावर प्रथमच कोणी काढलं होतं.

पण प्रत्येक ताटावर एक पान कमी असायचं. डहाळीला देठ असायचा, पानाची बाह्यरेषा असायची, आत रंग नसायचा. कोरं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं राहिलं चुकून. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "राहिलं नाही. ठेवलंय."

कारण त्यांना बुडाशी आपलं नाव हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. बुडाला कंपनीचा शिक्का बसायचा, 'हँडमेड', बस्स. कोणाच्या हँडने हे कोणी विचारायचं नाही. शैलाताईंनी दामल्यांकडे किती वेळा मागणी केली असेल देव जाणे. दामले कधीच नाही म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "इन्शाल्ला, ताई." आखातात राहिलेल्या माणसाला या इन्शाल्लाचा अर्थ सांगायला नको. भाविक माणसाच्या तोंडी तो शब्द, देवाची इच्छा असली तर, फार सुंदर आहे, आणि मालकाच्या तोंडी त्याचा अर्थ 'विसरा' असा होतो.

"नाव घालू देत नाहीत ना?" शैलाताई गाडीत मला म्हणाल्या होत्या. "मग मी एक पान माझ्याकडे ठेवून घेते. हातचा. बेरजेत हातचा डोक्यात ठेवतात ना, कागदावर दिसत नाही, पण तो धरल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही. तसं. दर ताटात वेगळ्या जागी ठेवते. कुठलंही ताट कुठेही दिसू दे, कोरं पान कुठे आहे ते बघितलं की मला कळतं हे मी कधी केलं, त्या दिवशी माझं काय चाललं होतं. यंत्राला हातचा नसतो. त्याला सगळं एकदम येतं."

एकदा शोरूममध्ये एक अरब आजीबाई आल्या. सोबत सून आणि ड्रायव्हर. आजीबाईंना हिंदी छान यायचं, जुन्या माणसांना येतं. त्यांनी ताट हातात घेतलं, बोट फिरवत फिरवत कोऱ्या पानापाशी थांबल्या. सून कौतुकाने म्हणाली, हे मुद्दाम ठेवलेलं दिसतंय, परिपूर्ण फक्त अल्ला असतो म्हणून. दामल्यांचे डोळे चमकले. असं काही त्यांना सुचलंच नव्हतं. ते मान डोलावून होय होय म्हणणार, एवढ्यात शैलाताई मागून आल्या आणि म्हणाल्या, "नहीं जी. अल्ला का इसमें कुछ नहीं है. वो मेरा है."

दामल्यांचा चेहरा पांढरा पडला. मग आजीबाई पोट धरून हसायला लागल्या. "सच बोलती है!" म्हणाल्या, "यल्ला, ये सब पॅक करो." जाताना त्यांनी शैलाताईंचा रंगाने माखलेला हात आपल्या मेंदी लावलेल्या दोन्ही हातांत धरून बघितला, उलटा केला, सुलटा केला. बूड बघावं तसा. शैलाताई दिवसभर तो हात धुवायला तयार नव्हत्या.

हे सगळं चांगलं चाललं होतं म्हणून बिघडलं. चांगलं चाललेलं दामल्यांना बघवत नसे, त्यांना ते वाढवायचं असे. एका हॉटेलांच्या साखळीने कढीपत्त्याचे डिनर सेट मागितले. कितीतरी पेट्या. शैलाताई आणि त्यांच्या हाताखालचे दोघे जन्मभर बसले असते तरी झाले नसते.

दामल्यांनी शैलाताईंना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो. "ताई, तुम्ही फक्त एक ताट करा," दामले म्हणाले. "तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम. मास्टर पीस. हॉटेलला दाखवायला. आणि या सिरीजवर तुमचं नाव येणार. बुडाला. माझा शब्द."

"इन्शाल्ला?" शैलाताईंनी विचारलं.

"इन्शाल्ला नाही ताई. शब्द."

त्या ताटाला त्यांनी अख्खा पावसाळा घेतला. पावसाळा म्हणजे गावचा, इथे नुसता घाम. गाडीत बोलणं बंद झालं. खिडकीतून गाफ दिसला की मान वळवून मागे जाईपर्यंत बघायच्या. दोन ताटं फोडली, एक भट्टीत तडकलं. रफीक बिचारा इतका घाबरला होता की भट्टीसमोर तो मंत्र मोठ्याने म्हणायला लागला. शेवटी एक निघालं. मला कलेतलं फारसं कळत नाही, सेल्सवाल्याला कळून उपयोगही नसतो, पण त्या ताटातली डहाळी वाऱ्यावर हललेली आहे हे मलाही दिसत होतं. वरच्या अंगाला, उजवीकडे, एक पान कोरं होतं. शैलाताईंनी ताट टॉवेलमध्ये गुंडाळून स्वतः दामल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या दिवशी परत येताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावून चहा पाजला. कागदी कप होता आणि त्यांनी बूड बघितलं नाही. मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं.

पुढे बरेच दिवस काही झालं नाही. ताट फोटोला गेलंय, असं दामले सांगायचे. मग एका सकाळी गोदामापुढे कंटेनर लागला. परदेशातून आला होता. कामगार पेट्या उतरवत होते आणि दामले स्वतः उन्हात उभे राहून यल्ला यल्ला करत घाई लावत होते. आम्ही दोघं गाडीतून उतरत होतो तर त्यांनी हाक मारली, "ताई, या या! तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या हाताने उघडा पहिली पेटी."

शैलाताईंनी पेटी उघडली. वर कढीपत्त्याचं ताट. वरच्या अंगाला, उजवीकडे, कोरं पान. मला वाटलं त्यांचंच ताट परत आलं. त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी ते ओळखीच्या माणसाला हात लावावा तसं उचललं. त्याच्या खाली दुसरं होतं. वरच्या अंगाला, उजवीकडे, कोरं पान. त्याच्या खाली तिसरं. त्या एकेक काढून जमिनीवर मांडत गेल्या. सगळ्या डहाळ्या एकाच वाऱ्याने एकाच बाजूला हललेल्या. ताटाचा फोटो काढून तो छापील कागदावर उतरवला होता, आणि तिकडच्या कुठल्याशा कारखान्यात तो कागद भिजवून ताटांवर चिकटवून भाजला होता. शैलाताईंचा कुंचला जिथे जरा थरथरला होता ती थरथरसुद्धा प्रत्येक ताटावर होती.

"उलटं करून बघा ना ताई," दामले म्हणाले. "तुमची आवडती जागा."

शैलाताईंनी ताट उलटं केलं. बुडाला लिहिलं होतं, 'हँड पेंटेड बाय', आणि खाली त्यांची सही. अगदी त्यांचीच, शेवटच्या काना-मात्रेसकट. रजेच्या अर्जावरची उचलली होती, हे नंतर कळलं.

"नाव घातलं की नाही?" दामले म्हणाले. "दिलेला शब्द पाळतो मी."

मी दामल्यांकडे बघत होतो. लबाडी शोधत होतो त्यांच्या चेहऱ्यावर, सापडली असती तर बरं झालं असतं. ते खरंच खूश होते. या बाईची इतक्या वर्षांची इच्छा आपण पुरी केली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि तो या खूश होण्याचा जास्त येतो.

शैलाताई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "नाव काढता येईल?"

"ताई, भाजलंय ते. आता खलास."

"मग ते पान भरा. निदान ते एक पान रंगवून घ्या. तो हातचा माझा आहे दामले. तो असा वाटायचा नसतो."

"अहो, तेच तर युनिक आहे!" दामल्यांनी पेटीतून एक कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. प्रत्येक सेटबरोबर ते असणार होतं. त्यावर गुळगुळीत इंग्रजीत लिहिलं होतं की परिपूर्णता केवळ परमेश्वराची म्हणून कलावती शैला नम्रपणे एक पान अपूर्ण सोडतात. कार्डावर फोटो होता तो दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताचा. तरुण, गोरा, नेलपॉलिश लावलेला.

शैलाताईंनी कार्ड वाचलं आणि परत दिलं. मग जमिनीवर मांडलेली ताटं एकावर एक रचून पुन्हा पेटीत भरली, मधे कागद घालून, जशी आली होती तशी. रफीक मदतीला आला तर त्याला नको म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सेल्सच्या माणसाने गोदामात रडू नये म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

रंगकामाचा विभाग मग बंदच झाला. त्याची गरज काय होती? शैलाताईंचा व्हिसा कंपनीचा. तो रद्द झाला की देश सोडायचा, हा इथला साधा हिशेब आहे, त्यात कोणी कोणाशी भांडत नाही. साठीच्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? इकडे आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उत्सव चालू होता. कोणीतरी हॉटेलात जेवायला गेलं आणि त्याने ताटाच्या बुडाचा फोटो टाकला. आपल्या शैलाताई! प्राउड मोमेंट! टाळ्या, फुलं, नमस्कार करणारे हात. मंडळाने शाल-श्रीफळाची तयारी केली. शैलाताई ग्रुपमधून बाहेर पडल्या तेव्हा अध्यक्षांनी मला फोन करून विचारलं, "बाईंना एवढा कसला माज आलाय हो?"

जायच्या आधीच्या शुक्रवारी मीनाने त्यांना जेवायला बोलावलं. काय काय झालं ते मी घरी सांगितलं होतं, पण मी घरी सांगतो तेव्हा मीनाला ऑफिसचं राजकारण एवढंच ऐकू येतं. तिचा शैलाताईंवर फार जीव होता. सकाळपासून ती खपत होती. आंबट वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सांज्याच्या पोळ्या. शैलाताई आल्या, ईराने "हाय आंटी" केलं, आम्ही टेबलाशी बसलो आणि मीना स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आली.

कढीपत्त्याची होती. हॉटेलचा जास्तीचा माल आमच्या घराजवळच्या ड्रॅगन मार्ट बाजारात विकायला आला होता हे मला माहीत होतं. मीना तिथे गेली होती हे मला माहीत नव्हतं.

"मुद्दाम काढली आज," मीना म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "तुम्ही जाणार, तर निदान तुमच्या हातची ताटं आमच्या घरात राहतील. चाळीस दिरहॅमला चारांचा सेट ताई, म्हणजे हजार रुपयेसुद्धा नाहीत! मी म्हटलं, यांनी कंपनीत एवढी वर्षं काढली आणि घरी एक ताट आणलं नाही."

मी मीनाला डोळ्यांनी खुणावत होतो, पण ती वाढत होती. शैलाताईंनी समोर आलेल्या ताटाकडे बघितलं. आता त्या ते उचलतील आणि उलटं करतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. त्यांनी उलटं केलं नाही. तो एक चहा सोडला तर पंधरा-सोळा वर्षांत मी त्यांना समोर आलेल्या भांड्याचं बूड न बघता खाताना-पिताना पाहिलं नव्हतं. त्यांनी भात कालवला.

"मम्मा, माय प्लेट इज डिफेक्टिव्ह," ईरा म्हणाली. "वन लीफ इज मिसिंग."

"अगं, सगळ्याच तशा आहेत," मीना म्हणाली. "हाताने केलेलं असतं ना, म्हणून तसं होतं. विचार आंटींना."

ईराने शैलाताईंकडे बघितलं. शैलाताई म्हणाल्या, "जेव बाळा. पानात टाकू नये." मग मीनाला म्हणाल्या, "वरण फार छान झालंय."

त्या सगळं जेवल्या. सांज्याची पोळी मागून घेतली. गुहागरच्या घराला गच्ची आहे, तिथे मातीकामाचं चाक बसवणार का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बघू. हात दुखतात आता." एवढंच बोलणं झालं. परत गेल्यावर त्यांनी चाक बसवलं नाही, हे मला त्यांच्या भावाकडून कळलं. त्या स्वतः फोन उचलत नाहीत.

जेवण झाल्यावर शैलाताईंनी ताटाच्या कडेला काढून ठेवलेलं वरणातलं कढीपत्त्याचं पान उचललं. आमसुलाचा ठिपका बोटाने पुसला. मग ताट जरा फिरवून घेतलं, वरच्या अंगाची उजवी बाजू समोर आणली, आणि त्या कोऱ्या जागेवर ते पान ठेवलं. देठाला देठ लावून. बोटाने हलकंसं दाबलं. अगदी बरोबर मावलं. दामले त्याला कढीपत्ता म्हणाले होते ते काही खोटं नव्हतं. शैलाताईंनी श्वास रोखून धरला होता, तो सोडला आणि थोडं खोकल्या. ओठ हलले, आवाज आला नाही, पण ती बेरीज मला पाठ होती.

त्या हात धुवायला उठल्या. मीनाने ताटं गोळा करायला घेतली. "ही मी वेगळी धुते हं ताई," ती म्हणाली, "जपून. तुमच्या हातची आहेत."

"काथ्याने घास खुशाल," शैलाताई बेसिनपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "काही होत नाही त्यांना."

मीनाने एका ताटातलं खरकटं दुसऱ्यात सारलं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि शैलाताईंच्या ताटावरून अंगठा फिरवून ते पानही त्यात ढकललं. शैलाताईंनी ओल्या हातांनी मागे वळून एकदा तिकडे बघितलं, आणि नळ पुन्हा सोडला.